बाबागाडी निगा मंडळाचं वार्षिक निरीक्षण

जी वस्तू सांभाळणं जमणार नाही ती घरात आणू नये, हा नियम शहाणी माणसं फ्रिज, सायकल आणि बाबागाडी यांच्या बाबतीत काटेकोरपणे पाळतात. बाळाला हा नियम लागू नाही. बाळाला कोण सांभाळणार हे बाळ येण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला कुणाला बैठक घ्यावी लागत नाही. बाबागाडीचं तसं नसतं. ती बिचारी दुकानातून येते आणि तिला या जगात कुणी वाली नसतो. हे ओळखून आमच्या इमारतीतले बाप पुढे आले, त्यांनी बाह्या सरसावल्या, आणि बाबागाडी निगा मंडळ स्थापन झालं.

मंडळाचं कामकाज दर रविवारी सकाळी पार्किंगमधल्या नळापाशी चालतं. प्रत्येक बापाच्या पुढ्यात एक बादली, दोन फडकी, एक जुना टूथब्रश आणि त्याची गाडी. चहा वरून येतो. (तो कोण करतं हा प्रश्न मंडळाच्या कक्षेत येत नाही.) सरासरी हजेरी अशी: बाप नऊ, बाबागाड्या नऊ, बाळं शून्य. बाळं वर घरी असतात. प्रत्येक बाळाजवळ एक बाई असते, पण तिची हजेरी मांडली जात नाही, कारण ती सदस्य नाही.

सदस्य होण्याच्या अटी अगदी साध्या आहेत. अर्जदार बाप असावा, त्याच्याकडे बाबागाडी असावी, आणि रविवारची सकाळ त्याला मोकळी असावी. शेवटची अट अवघड वाटेल, पण तिच्यावरून आजवर एकाही बापाचा अर्ज फेटाळला गेलेला नाही. (मध्यंतरी एका आईने "मी येऊ का?" असं विचारलं होतं. तिला शेवटची अट दाखवली. ती हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं.)

अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांची गाडी मंडळातली सगळ्यात जुनी. सावलीचा टोप अजून कडक, चाकं नुसत्या फुंकरीने फिरतात, दांड्यावरच्या फोमवर नखाचा ओरखडा नाही. ती ज्याच्यासाठी घेतली तो मुलगा आता कॉलेजात आहे. (तो वडिलांशी बोलत नाही. गाडी मात्र अजिबात कुरकुर करत नाही.) उपाध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. चाकाच्या आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे ते दात कोरायच्या आकड्याने काढतात, आणि ते काम इतकं नाजूक असतं की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. सोमवारी तो आकडा कुठे जातो हे कुणी विचारत नाही. मंडळातले सगळे दातांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात.

निगा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. आधी गाडी उलटी करून झटकायची. त्यातून बिस्किटाचा चुरा, एक मोजा आणि महिनाभर शोधलेलं बाटलीचं टोपण पडतं. मग आसनाचं कापड काढायचं, थंड पाण्यात सौम्य साबण घालून हाताने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. (हाताने म्हणजे बापाच्या हाताने. त्याच घरात बाळाची दुपटी कुणाच्या हाताने धुतली जातात हा वेगळा विषय आहे, आणि तो तसाच वेगळा राहावा असं मंडळाचं मत आहे.) पट्टे काढून ओल्या फडक्याने पुसायचे. बकल कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं, त्यात सुकलेलं दूध अडकतं. चाकं काढायची, आस कोरडा करायचा, त्यावर सिलिकॉनचा फवारा मारायचा. तेल घालायचं नाही, तेलाने धूळ धरते. हे शेवटचं वाक्य मंडळात ज्या गांभीर्याने उच्चारलं जातं त्या गांभीर्याने यांच्यापैकी कुणी कधी "पोराला ताप आलाय" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यांत उठून दिसायचे ते तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर. त्यांना मुलगी झाली त्याच आठवड्यात गाडी आली. मुलीचं वजन किती हे त्यांना प्रत्येक वेळी बायकोला विचारावं लागायचं. गाडीचं वजन ते झोपेतही सांगत, टोपासकट आणि टोपाशिवाय. मुलीला दात येतोय हे त्यांना उशिरा कळलं. पण पुढच्या डाव्या चाकाला जरासा हेलकावा आहे, हे त्यांनी पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून नुसतं ऐकून ओळखलं होतं. असा कान ही दैवी देणगी असते. घरात बाळ रडायला लागलं की हाच कान आपोआप बंद व्हायचा. ती दुसरी देणगी.

इंजिनिअरच्या बायकोला या सगळ्या काळात फक्त एक गोष्ट हवी होती. झोप.

मोठी मागणी नव्हती. मुलगी जन्मल्यापासून तिला सलग झोप मिळाली नव्हती. ती उभ्या उभ्या पेंगायची. एकदा दूध तापवता तापवता ओट्याला टेकून तिचा डोळा लागला, दूध उतू गेलं आणि पातेलं काळंठिक्कर झालं. (पातेल्यांसाठी मंडळ नाही.) मुलीला कडेवर घेऊन घेऊन तिचं मनगट सुजलं होतं, आणि घरात चार चाकांची, ब्रेक असलेली, दुमडता येणारी सोय उभी होती, जुन्या चादरीखाली झाकलेली. तेव्हा तिने विचार केला तो कुणालाही सुचला असता. रविवारी दुपारी बापाने पोरीला गाडीत घालून फिरवून आणावं, तेवढ्यात आपण झोपावं. गाडीचा उपयोग होईल, बापाचाही होईल.

"अहो, आज नेता का हिला खाली? बागेपर्यंत?"

"आज? अगं, आसन ओलं आहे. ओल्या आसनावर बसवू का पोरीला? सर्दी झाली तर परत तूच मला बोलणार."

पुढच्या रविवारी तिने आधी आसनाला हात लावून पाहिला.

"वाळलंय आज. खडखडीत."

"वाळलंय गं, पण ऊन बघ बाहेर. निळं कापड आहे, विटतं. दुकानदाराने सांगितलं होतं."

त्याच्या पुढच्या रविवारी ढग होते.

"आज ऊन नाही."

"म्हणूनच तर. पाऊस आला म्हणजे? आणि बागेत वाळू आहे. वाळू एकदा बेअरिंगमध्ये गेली की कारभार संपला."

"बाग राहू दे. समोरच्या फुटपाथवर न्या."

"फुटपाथवर काय काय पडलेलं असतं तुला माहीत नाही."

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "मी शेवटची फुटपाथवरून चालले ती दवाखान्यातून हिला घेऊन येताना."

इंजिनिअर मनापासून हसले. बायको विनोदी आहे याचा त्यांना अभिमान होता. तो विनोद त्यांनी मंडळात सांगितला आणि मंडळही हसलं.

इंजिनिअरची आई दोन गल्ल्या पलीकडे थोरल्या मुलाकडे राहते. ती अधूनमधून यायची, गॅलरीत उभी राहून खाली नळाशी उकिडव्या बसलेल्या मुलाकडे बघायची आणि तिचा ऊर भरून यायचा.

"आमच्या वेळी हे असं नव्हतं बाई," ती सुनेला सांगायची. "याचे वडील पोराला जवळ घ्यायचे ते फोटोपुरते. आणि हा बघ, सुट्टीच्या दिवशी पाण्यात हात घालून बसलाय पोरीसाठी. नशीब काढलंस तू."

"हो आई," सून म्हणायची. ती बसल्या जागी झोपत असायची, त्यामुळे हो म्हणताना तिचे डोळे मिटलेले असायचे. सासूबाईंना ते समाधान वाटायचं.

इकडे मंडळ स्वस्थ बसलं नव्हतं. गाड्या इतक्या मन लावून धुऊनही परत घाण का होतात, या प्रश्नाचा मंडळाने शास्त्रशुद्ध अभ्यास केला. निष्कर्ष धक्कादायक होते. गाडीवर पडणाऱ्या डागांपैकी ब्याण्णव टक्के डाग बाळाकडून येतात. उरलेले आठ टक्के बाळाच्या आईकडून, कारण बाळाला गाडीत तीच बसवते. बापांकडून येणाऱ्या डागांचं प्रमाण शून्य आहे. (अध्यक्षांनी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा टाळ्या वाजल्या.) ज्या गाड्यांत बाळ बसत नाही त्या बसणाऱ्या गाड्यांपेक्षा सरासरी अकरापट स्वच्छ राहतात. अध्यक्षांची गाडी हा याचा चालताबोलता पुरावा, म्हणजे चालत नाही, पण पुरावा आहे.

यातून पुढचं पाऊल आपसूक पडलं. मंडळाने नियम केला की वार्षिक निरीक्षणाच्या आधीचा पूर्ण महिना कुठल्याही गाडीत बाळ बसवू नये. कापडाला सुरकुती पडते. एका नव्या सदस्याने भीतभीत विचारलं, की मग गाडी कशासाठी आहे? त्याला समजावून सांगण्यात आलं, की ही वृत्तीच चुकीची आहे. वापर हा निगेचा शत्रू आहे. पुढच्या रविवारपासून तो आलाच नाही. असं कळलं की तो हल्ली पोराला मळक्या गाडीत घालून बाजारभर हिंडतो. मंडळाने त्याच्याबद्दल खेद व्यक्त केला.

निरीक्षणाचा रविवार जवळ आला तसे इंजिनिअर घरात फारसे दिसेनासे झाले. शेवटी बायकोने त्यांना जिन्यात गाठलं.

"मला एक तारीख सांगा," ती म्हणाली. "मी भांडत नाहीये. फक्त तारीख सांगा."

इंजिनिअरना दया आली. ते वाईट नव्हते. या मंडळातलं कुणीच वाईट नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

"निरीक्षण होऊ दे एकदा," ते म्हणाले. "त्याच दुपारी नेतो हिला. पूर्ण दुपार तुझी. शब्द देतो."

तिने तो शब्द जपून ठेवला. त्या रविवारी सकाळी तिने पलंगावर धुतलेली चादर घातली. उशीला नवा अभ्रा चढवला. खिडकीचा पडदा ओढून खोलीत किती अंधार होतो ते पाहिलं, आणि परत उघडला. मग मुलीला पोटभर पाजून, बाटली भरून, दोन जास्तीची दुपटी पिशवीत घालून ती गॅलरीत येऊन उभी राहिली.

खाली निरीक्षण सुरू झालं होतं. नऊ गाड्या रांगेत. प्रत्येक गाडीमागे एक बाप, हात पाठीशी. अध्यक्ष पांढरा रुमाल घेऊन फिरत होते. रुमाल ते चाकाच्या आतून, टोपाच्या घडीतून, खालच्या जाळीच्या कोपऱ्यातून फिरवत आणि उजेडात धरून बघत. जुळ्यांच्या बापाच्या गाडीपाशी रुमालावर करडी रेघ उठली. तो खाली बघत राहिला. त्याची दोन्ही पोरं वर रडत होती, पण त्याला धक्का रेघेचा बसला होता.

इंजिनिअरच्या गाडीपाशी रुमाल पांढरा तो पांढराच राहिला. अध्यक्षांनी तो दुसऱ्यांदा फिरवला. मग उपाध्यक्षांनी दात तपासायचा छोटा आरसा आसनाखाली घालून पाहिला आणि फक्त मान हलवली. अध्यक्षांनी माइक घेतला. (माइकची गरज नव्हती, सगळे हाताच्या अंतरावर उभे होते. पण माइक होता.)

"या वर्षीची आदर्श बाबागाडी तिसऱ्या मजल्याची! आणि आपल्या घटनेप्रमाणे ज्याची गाडी आदर्श तोच आदर्श पिता."

दोन पुरस्कारांसाठी दोन निरीक्षणं करायला वेळ नसतो, म्हणून घटनेत ही सोय आहे. टाळ्या झाल्या. इंजिनिअरचे डोळे पाणावले. अध्यक्ष पुढे म्हणाले, "आणि एक आनंदाची गोष्ट. ही गाडी आता कुणी हलवायची नाही! पुढच्या निरीक्षणापर्यंत ती खाली प्रवेशद्वारापाशी, दोरी लावून, नमुना म्हणून ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं, शिकावं!"

माइक चांगला होता. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ गेला.

थोड्या वेळाने ती जिना उतरून आली. पायात घरातल्या चपला, केस कसेतरी बांधलेले, कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. बापांनी आदराने वाट करून दिली. फोटोसाठी आली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. ती सरळ गाडीपाशी गेली आणि तिने मुलीला आसनात बसवलं.

रांगेतल्या बापांचे पाठीशी धरलेले हात सुटले.

"वहिनी, वहिनी," अध्यक्ष माइकमधूनच म्हणाले, "एक मिनिट, जरा थांबा..."

"खाली फडकं तरी घाला!" उपाध्यक्ष ओरडले.

तिने ऐकलं नाही. ती पट्टे शोधत होती. खांद्याचे पट्टे दिसत होते, पण पुढे ओढले तरी येत नव्हते. तिने आसनामागे हात घातला, वाकून पाहिलं, आणि तशीच वाकलेली राहिली. पट्टे धुऊन, पुसून, एकसारखे ताणून आसनाच्या मागच्या बाजूने ओवलेले होते. अतिशय सुबक. बकल मागे, पाठीच्या फळीवर, मधोमध चकचकीत बसलेलं. त्या पट्ट्यांत जगातलं कुठलंही बाळ बांधता आलं नसतं. दर रविवारी ते काढले जात होते, दर रविवारी परत ओवले जात होते, आणि इतक्या रविवारांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? ते तपासायला गाडीत बाळ घालावं लागतं.

"हे उलटे आहेत," ती म्हणाली.

इंजिनिअरनी पाहिलं. अध्यक्षांनी पाहिलं. उपाध्यक्षांनी आरसा घालून पाहिलं.

"तसं बघायला गेलं तर," अध्यक्ष म्हणाले, "निरीक्षणात हा मुद्दा नाही."

तिने मुलीला उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"धरा."

"अगं, आत्ता? माझे हात..."

"हात स्वच्छच आहेत तुमचे. सगळ्या इमारतीला माहीत आहे."

मुलगी त्यांच्या हातात आली. पिशवी तिने गाडीच्या दांड्याला अडकवली (फोमवर, थेट) आणि ती जिना चढून गेली. वर दार लागलं. मग कडी लागली. आणि मग, ज्यांचं लक्ष होतं त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा पडदा ओढलेला दिसला.

इंजिनिअरनी मुलीला हात लांब करून धरलं होतं, गळकी बादली धरावी तसं. मुलीने बापाकडे नीट पाहिलं. ओळख पटली नसावी, कारण ती रडायला लागली.

"आवाज येतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकलंय," जुळ्यांचा बाप म्हणाला. तो अनुभवी मानला जायचा.

"दात येतोय," उपाध्यक्षांनी निदान केलं. यावर काय करायचं असतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आधी येऊ द्यायचा."

कुणीतरी गाडीचं माहितीपत्रक आणलं. त्यात कापडावर चार पानं होती, चाकांवर सहा. बाळाबद्दल एकच ओळ सापडली: बाळाला गाडीत एकटं सोडू नये. ती सगळ्यांनी आळीपाळीने वाचली. एवढ्यात मुलीचं दुपटं ओलं झालं आणि धार इंजिनिअरच्या कोपरावरून थेंबाथेंबाने गाडीच्या पाय ठेवायच्या पावठ्यावर गळायला लागली. तेव्हा मात्र मंडळ काय आहे ते दिसलं. कुणाला सांगावं लागलं नाही. एकाने थंड पाणी आणलं, एकाने साबण, अध्यक्षांनी स्वतः तो पांढरा रुमाल पुढे केला. अनुभवी माणसं गुडघ्यांवर बसून पावठ्यावर तुटून पडली. त्यांच्या मधोमध आदर्श पिता हातात ओली, लालबुंद झालेली पोर घेऊन उभे राहिले, आणि म्हणत राहिले, "चोळू नका, टिपून घ्या, टिपून घ्या!"

गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. एकही खाली आली नाही.

शेवटी इंजिनिअरच्या आईला फोन गेला. सासूबाई दोन गल्ल्या धावत आल्या. त्यांनी नात खांद्यावर घेतली, दांड्याला अडकवलेल्या पिशवीतलं कोरडं दुपटं काढलं, आणि मुलगी गप्प झाली.

"काय गं बाई ही आई!" सासूबाई म्हणाल्या. "पोटची पोर टाकून खुशाल झोपली!"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर फिरलं. मंडळाची तातडीची बैठक झाली. पट्ट्यांचा विषय पुढच्या वर्षावर ढकलण्यात आला, आणि घरची परिस्थिती अशी असूनही गाडीची इतकी निगा राखल्याबद्दल इंजिनिअरच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. गाडी प्रवेशद्वारापाशी आहे. दोरीही आहे. जाता येता बघा.

ती झोपली. सासूबाईंनी दार वाजवलं तरी उठली नाही, फोन वाजला तरी उठली नाही. धुतलेल्या चादरीवर, नव्या अभ्र्यावर, पूर्ण दुपार. कबूल झाली होती तेवढीच, जास्त नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तिने कडी लावल्याचं वाचलंत तेव्हा तुमच्या मनात पहिला प्रश्न आला, की बाळाचं काय? नाही म्हणू नका. प्रश्न चांगला आहे. पण नऊ बाप नळाशी बसून चाकं धूत होते, तेव्हा तो तुम्हाला एकदाही पडला नाही. तेव्हा तुम्ही हसत होता. शिवाय मधेच कुठेतरी तेवढं एक नीट लक्षात ठेवलंत, घरी जाऊन उपयोगी पडेल म्हणून: तेल घालायचं नाही, तेलाने धूळ धरते.